सासूबाईंची सोमवारची गोळी आणि समुद्रातलं शेवाळ

«ताई, नमस्कार. मी कुडाळजवळच्या एका गावात राहते. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत, सहा वर्षांपासून त्यांना आमवात आहे. दर सोमवारी मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि थायरॉइडची गोळी असं चालू होतं. सोमवारच्या गोळीनं मंगळवार अख्खा मळमळण्यात जायचा. महिन्यापूर्वी माझ्या चुलत दिरांनी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणून दिल्या. डबा २४०० रुपयांचा. त्यात स्पिरुलिना आणि तपकिरी शेवाळाचा अर्क आहे. ‘शंभर टक्के नैसर्गिक, सूज मुळापासून जाते, प्रतिकारशक्ती वाढते, ती केमिकलं बंद करा,’ असं त्यांनी सांगितलं. तीन सोमवार झाले, सासूबाईंनी गोळी घेतलेली नाही. आणि ताई, त्या खरंच बऱ्या आहेत, मंगळवारी दोन घास जास्त जेवतात. मी काही बोलले की म्हणतात, ‘माझं बरं झालेलं तुला बघवत नाही काय गो?’ त्या माळकरी आहेत, अंडं-मासळी घेत नाहीत. या शेवाळात खरंच काही असतं का, की सगळं खोटं? आणि घरात वाद न होता मी काय करू?»

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतेच, पण एक काम त्याआधी करायचं आहे आणि ते आजच. ज्या डॉक्टरांकडे त्यांचे उपचार चालू आहेत त्यांना फोन करा. तीन सोमवार गोळी चुकली आहे आणि महिनाभर या कॅप्सूल पोटात जात आहेत, या दोन्ही गोष्टी सांगा. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. डॉक्टर बहुधा यकृताची तपासणी आणि रक्तातल्या पेशींची मोजणी करायला सांगतील, ती करून घ्या. आणि कुणी कितीही भरीला घातलं तरी राहिलेले डोस एकदम देऊ नका. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. चुकून रोज घेतल्यामुळे किंवा भरपाई म्हणून जास्त घेतल्यामुळे अस्थिमज्जेवर परिणाम होऊन माणसं दगावलेली आहेत. पुन्हा कधी आणि किती डोसानं सुरू करायचं, हे डॉक्टरच सांगतील.

आता त्या बऱ्या का वाटतात ते. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे औषध सुरू करताना तुम्हाला सांगितलं असेल. ते जसं हळूहळू चढतं तसंच हळूहळू उतरतं. म्हणजे तुमच्या सासूबाई आज ज्या बऱ्या आहेत त्या महिन्यापूर्वीपर्यंत घेतलेल्या गोळ्यांच्या जोरावर आहेत. मळमळ मात्र गोळी थांबल्याबरोबर थांबली. त्यामुळे त्रास गेला आणि गुण राहिला असा हा मधला काळ असतो, आणि त्याचं श्रेय नेमकं नव्या डब्याला मिळतं. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. तिनं कुणाच्या सांगण्यावरून एक चूर्ण सुरू केलं, आठवड्याची गोळी सोडली, आणि दीड महिना ती सगळ्यांना सांगत सुटली होती की आपण बऱ्या झालो. आठव्या आठवड्यात एका सकाळी तिला मोरीच्या दाराची कडी सरकवता येईना. पुन्हा औषध सुरू केलं, सूज उतरली, पण त्या दोन-तीन महिन्यांत उजव्या हाताची जी दोन बोटं वाकली ती सरळ झाली नाहीत. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवत होते आणि मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणून मी इतक्या घाईनं लिहिते आहे.

तुम्ही विचारलंत, सगळं खोटं का? नाही, सगळं खोटं नाही. उलट या विषयाचा मला मनापासून लळा आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

आधी एक दुरुस्ती. स्पिरुलिना समुद्रातली नव्हे. ती वनस्पतीही नव्हे, ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे निळे-हिरवे जिवाणू. तिला खारट, अल्कधर्मी तळी मानवतात. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या कानेंबू बायका ती गाळून, उन्हात वाळवून तिच्या वड्या करतात. आपल्याकडे बुलढाण्यातल्या लोणारच्या पाण्याला जो हिरवा रंग असतो त्यात याच गोतावळ्याचा मोठा वाटा आहे, कारण त्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास असतो. बाजारातली स्पिरुलिना टाक्यांत वाढवतात. तेव्हा डब्यावर लाटांचं चित्र असलं तरी त्यातला निम्मा माल समुद्र न पाहिलेला आहे.

स्पिरुलिनाचा निळा रंग फायकोसायनिन नावाच्या प्रथिनाचा. २००० साली हैदराबाद विद्यापीठ आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हे प्रथिन कॉक्स-२ या एन्झाइमला निवडून अडवतं. हे एन्झाइम शरीरात दुखणं आणि सूज निर्माण करणारे रेणू बनवतं. डॉक्टर दुखण्यावर एटोरिकॉक्सिब देतात, ती गोळीही याच एन्झाइमला अडवते. शोध खराच, आणि आपल्या देशातला आहे याचा मला अभिमानही आहे. पण तो परीक्षानळीतला होता. कॅप्सूलमधून प्रथिन पोटात गेलं की जठरातला रस ते डाळीतल्या प्रथिनासारखंच तोडतो. त्यातला निळा रंगकण थोडाफार शोषला जात असेल, पण नळीत जे घडलं तेच गुडघ्यात घडेल असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि समजा घडलंच, तरी काय होईल? दुखणं कमी होईल. आमवातात दुखणं कमी होणं आणि सांधा वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमवातात शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा सांध्याच्या अस्तरावर उलटते आणि हाड कुरतडत जाते. वेदनाशामकानं ते कुरतडणं थांबत नाही, फक्त जाणवत नाही. मेथोट्रेक्सेट त्याला लगाम घालतं.

डब्यातला दुसरा अर्धा भाग तपकिरी शेवाळाचा. विजयदुर्ग, मालवणकडे ओहोटीला कातळावर लोळणारं तपकिरी, बारीक फुगे असलेलं शेवाळ तुम्ही पाहिलं असेल. त्याला सारगॅसम म्हणतात. हात लावला तर बुळबुळीत लागतं. अशा तपकिरी शेवाळांच्या बुळबुळीतपणात फ्युकॉयडन नावाची एक गंधकयुक्त शर्करा असते. स्वीडनच्या हाराल्ड क्यूलिन यांनी ती १९१३ मध्ये पहिल्यांदा वेगळी काढली. तिचं काम फार देखणं आहे. सूज यायची म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आधी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरावं लागतं, मग त्या बाहेर पडून सांध्यात शिरतात. चालू एसटीच्या दाराचा दांडा पकडावा तशा त्या भिंतीवरचे सिलेक्टिन नावाचे दांडे पकडतात. फ्युकॉयडन त्या दांड्यांवर जाऊन बसतं आणि पेशींचा हात सुटतो.

मग माणसांत काय दिसलं? ऑस्ट्रेलियात गुडघेदुखीच्या, म्हणजे झिजेच्या संधिवाताच्या रुग्णांवर आधी एक छोटा प्रयोग झाला. अवघी बारा माणसं, तुलनेला खोटी गोळी नाही. दुखणं बरंच कमी झालं. त्यावर २०१६ मध्ये त्याच गटानं नीट तुलना करून चाचणी प्रसिद्ध केली. अर्ध्यांना रोज ३०० मिलिग्रॅम फ्युकॉयडनयुक्त अर्क, अर्ध्यांना खोटी गोळी, बारा आठवडे. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. पहिला प्रयोग तुम्हाला जाहिरातीत दिसेल, दुसरा दिसणार नाही. (त्या संशोधकांनी स्वतःच्याच आशेविरुद्ध गेलेला निकाल छापला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.) हा रेणू इतका मोठा आहे की तोंडावाटे घेतल्यावर रक्तात फारच थोडा पोचतो. शिवाय ही चाचणी झिजेच्या संधिवाताची होती, तुमच्या सासूबाईंचा आजार वेगळा.

समुद्रातल्या सायनोबॅक्टेरियांची गोष्ट तर याहून थरारक आहे, आणि ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ या वाक्याला त्यातच उत्तर सापडतं. लिंगबिया माजुस्कुला नावाचा एक केसांच्या गुंत्यासारखा सायनोबॅक्टेरिया उष्ण समुद्रांत वाढतो. १९५८ च्या उन्हाळ्यात हवाईतल्या ओआहू बेटावर समुद्रस्नान केलेल्या अनेकांच्या अंगाला आग सुटली, फोड आले. पुढे कारण सापडलं ते हेच शेवाळ. त्यातली विषं त्वचेत दाह पेटवतात. आणि याच शेवाळातून मिळालेला मॅलिंगामाइड नावाचा रेणूंचा एक गट आहे, त्यातला एक प्रयोगशाळेत पेशींमधला दाह शमवतो. आग लावणारं आणि विझवणारं एकाच गुंत्यात! या जिवांना पळता येत नाही, दात-नखं नाहीत. खाणाऱ्यांपासून आणि शेजाऱ्यांपासून बचाव करायला त्यांच्याकडे आहे ते फक्त रसायन. ‘केमिकल बंद करा आणि शेवाळ घ्या’ असं म्हणणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं की शेवाळाइतका कुशल रसायनकार दुसरा सापडणं अवघड.

तुमच्या घरासमोरच्या जांभ्याच्या गडग्यावर पावसाळ्यानंतर जो काळा थर वाळून राहतो, त्यात बहुतेक सायनोबॅक्टेरियाच असतात. उन्हापासून वाचण्यासाठी ते स्किटोनेमिन नावाचं पिवळट-तपकिरी रंगद्रव्य अंगावर ओढून घेतात. या रंगद्रव्याची नोंद १८४९ पासून आहे, त्याची रचना उलगडली १९९३ मध्ये, आणि पेशींची बेसुमार वाढ व दाह यांत हात असलेल्या काही एन्झाइमांना ते अडवतं हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून कुणी गडगा खरवडून खावा का? डब्यातली कॅप्सूल आणि औषध यांच्यात असंच मोठं अंतर आहे, आणि ते पार करायला माणसांच्या आयुष्याची वर्षं लागतात. एक उदाहरण देते. मॉरिशसजवळच्या समुद्रातून १९७२ मध्ये गोळा केलेल्या एका समुद्री गोगलगाईत डोलास्टॅटिन हा रेणू सापडला. तो ती गोगलगाय खाते त्या सायनोबॅक्टेरियाचा आहे, हे २००१ मध्ये स्पष्ट झालं. एकट्यानं औषध म्हणून तो चालला नाही, फार जहाल. मग त्यात बदल करून तो कर्करोगाच्या पेशी हुडकणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जोडला, आणि २०११ मध्ये दोन प्रकारच्या लसिकाग्रंथींच्या कर्करोगांवरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. जवळजवळ चाळीस वर्षं गेली. आमवातावर मात्र शेवाळातून असं मान्यताप्राप्त औषध अजून आलेलं नाही.

आता काळजीचा भाग. चुलत दीर म्हणाले, ‘प्रतिकारशक्ती वाढते.’ नेमकं तेच आमवातात नको आहे. तुमच्या सासूबाईंची प्रतिकारयंत्रणा आधीच चवताळलेली आहे, औषध तिला शांत ठेवतं. स्पिरुलिनातल्या काही शर्करा त्या यंत्रणेच्या पेशींना चेतवतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. स्पिरुलिना आणि तशाच चेतवणाऱ्या वनस्पती घेतल्यावर स्नायू-त्वचेचे आणि फोड येण्याचे स्वयंप्रतिकार विकार उफाळल्याच्या रुग्णनोंदी अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केल्या. रुग्ण थोडे आहेत, प्रत्येकाला असं होईल असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात आधीच स्वयंप्रतिकार आजार आहे तिथे हा जुगार खेळू नये.

दुसरं, यकृत. काही सायनोबॅक्टेरिया मायक्रोसिस्टिन हे यकृताचं विष तयार करतात. स्पिरुलिना स्वतः ते करते असं नाही, पण वाढवताना भलत्या जाती मिसळल्या तर ते येऊ शकतं, आणि उघड्या तळ्यांतून काढलेल्या मालात हा धोका जास्त. अमेरिकेत ओरेगनमधल्या क्लॅमथ सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे ८७ नमुने तपासले तेव्हा ८५ मध्ये हे विष सापडलं, आणि ६३ मध्ये ते राज्यानं ठरवलेल्या एका ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या वर होतं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या यकृताची तपासणी आपण वेळोवेळी करतोच, त्यावर आणखी एक अनोळखी ओझं कशाला?

आणि थायरॉइड. तपकिरी शेवाळात आयोडीन ठासून भरलेलं असू शकतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसभराच्या जेवणातल्या आयोडीनयुक्त मिठात भागावी अशी. शेवाळाच्या अर्कात ती कित्येक पटींनी ओलांडली जाऊ शकते, आणि थायरॉइडचं बिघडलेलं तंत्र आणखी बिघडतं. तेव्हा रक्त तपासायला द्याल तेव्हा टीएसएचही बघायला सांगा. घरात कुणी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर त्यांनाही हा डबा नको, फ्युकॉयडनचा परिणाम त्याच दिशेचा आहे.

डबा हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. असा पदार्थ अन्नपूरक म्हणून विकला जात असेल तर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ त्यावर असायला हवी, तसा नियम आहे. अन्न सुरक्षेचा परवाना क्रमांक म्हणजे आजार बरा होण्याची हमी नव्हे. कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्यिकी संशोधन संस्थेनं सांधेदुखीसाठी शेवाळाचा अर्क विकसित केला आहे, हे दीर तुम्हाला सांगतीलही, आणि ते खरं आहे. पण त्यामुळे आमवाताचं औषध थांबवता येतं असं नाही.

एवढं सगळं वाचून वाटेल की ताईंनी शेवाळाला पार हाकलून दिलं. नाही. शेवाळाची एक देणगी आमवातात खरोखर उपयोगी पडते, आणि ती तुमच्या गावातल्या बहुतेक घरांत आठवड्यातून दोनदा शिजते. तारली आणि बांगडा. या मासळीच्या तेलात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं असतात. मासा ती फारशी स्वतः बनवत नाही. समुद्रातली सूक्ष्म शेवाळं बनवतात, तारली त्यातले डायटम खाते, आणि ते तेल तिच्या अंगी लागतं. मासळीच्या तेलाच्या चाचण्या आमवाताच्या रुग्णांवर अनेक झाल्या. दिवसाला साधारण तीन ग्रॅम ईपीए-डीएचए काही महिने घेतल्यावर सकाळचा ताठरपणा आणि दुखणं काहीसं कमी होतं, वेदनाशामक गोळ्या कमी लागतात. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नव्यानं आजार झालेल्यांना नेहमीच्या औषधांबरोबर जास्त मात्रेत मासळीचं तेल दिलं, तेव्हा औषधं निष्फळ ठरण्याचं प्रमाण कमी झालं. ‘औषधांबरोबर’ हा शब्द सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा.

पण त्या माळकरी आहेत, त्यांच्या ताटात तारली येणार नाही आणि यावी असंही मी सुचवणार नाही. त्यांच्यासाठी मासा वगळून थेट मुळाशी जाता येतं. सूक्ष्म शेवाळापासून काढलेलं डीएचए तेल मिळतं. जर्मनीत आमवाताच्या रुग्णांवर झालेल्या एका लहान चाचणीत दिवसाला २.१ ग्रॅम डीएचए देणारं असं तेल दहा आठवडे दिलं, तर दुखऱ्या आणि सुजलेल्या सांध्यांची संख्या कमी झाली. एकच लहान चाचणी आहे, फार उड्या मारू नका, पण दिशा बरी आहे. घेताना दोन गोष्टी बघा. पुढे १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन, डीएचए किती ते मागे वाचा, बरेचदा ते खूपच कमी निघतं. आणि कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं म्हणजे प्राण्यांपासूनचं असू शकतं, म्हणून हिरवा ठिपका आहे ना ते पाहा. हो, दिरांच्या डब्यावरही तो ठिपका शोधा. चुकून माळकरी बाईच्या पोटात महिनाभर जिलेटिन गेलं असेल तर त्यांना ते माहीत असण्याचा हक्क आहे. जवसाची चटणी रोज खाऊ दे, चांगलीच आहे, पण जवसातल्या ओमेगा-३ मधलं फारच थोडं शरीर ईपीए-डीएचएमध्ये बदलू शकतं. हे तेलही डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचं.

आता वाद न होता कसं बोलायचं. मला वाटतं, सासूबाईंचं भांडण तुमच्याशी नाही, मंगळवारशी आहे. सहा वर्षं दर आठवड्याचा एक दिवस ओकारीच्या काठावर घालवणं सोपं नाही, आणि त्यांना त्यातून सुटका दिसली ती त्या डब्यात. म्हणून शेवाळ खोटं की खरं यावर बोलूच नका. त्यांना म्हणा, ‘आई, मंगळवारच्या मळमळीचं काहीतरी करूया, डॉक्टरांना तेवढंच विचारायला जाऊ.’ विचारण्यासारखं भरपूर आहे. मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून देतात ते फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे का, त्याचा दिवस किंवा मात्रा बदलता येईल का. गोळी रात्री जेवल्यावर घेतली तर चालेल का. डोस विभागून देता येईल का. तोंडावाटे सोसतच नसेल तर तेच औषध आठवड्याच्या इंजेक्शननं देता येईल का, कारण इंजेक्शननं बऱ्याच जणांची मळमळ कमी होते. आणि तरीही जमलं नाही तर दुसरं कोणतं औषध. यातली एखादी तरी वाट निघतेच. दवाखान्यात तुम्ही स्वतः आत जा आणि मळमळीचं त्यांना सांगू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. इतकी वर्षं आपल्या आया-सासवा ‘त्रास होतो’ हे डॉक्टरांसमोर बोलत नाहीत, आणि घरी येऊन औषध गुपचूप बंद करतात.

दिरांशी तुमच्या यजमानांनी बोलावं, तुम्ही नाही. दोष न देता एवढंच विचारावं: या बॅचची मायक्रोसिस्टिन, जड धातू आणि आयोडीन यांची तपासणी झाल्याचा कागद द्या. चांगल्या उत्पादकाकडे तो असतो. मिळाला तरी कॅप्सूल डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय द्यायच्या नाहीत, पण तोवर चर्चा कागदाची होईल, माणसाची होणार नाही. उरलेला डबा फेकू नका, बाजूला ठेवा. यकृताच्या तपासणीत काही निघालं तर डॉक्टरांना तो दाखवावा लागेल.

रिपोर्ट हाती आले की मला लिहा. एएलटी (यकृताचा), सीआरपी (सुजेचा) आणि टीएसएच (थायरॉइडचा) हे तीन आकडे तारखेसकट कळवा, आणि मंगळवार कसा गेला तेही.